६ व्होल्टचे १२ व्होल्ट : आधी मर्ज ओळखा, मग इलाज करा

ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना एक मागणी नेहमी ऐकावी लागते. "उस्ताद, गाडी जुनी आहे, सहा व्होल्टची. सकाळी उचलत नाही. दिवे मिणमिणतात. बारा व्होल्टची करून द्या." म्हणजे मर्जही गिऱ्हाइकाने सांगितला आणि औषधही त्यानेच सांगितले. कारागिराने फक्त पुडी बांधून द्यायची.

धंद्याच्या दृष्टीने हे काम वाईट नाही. बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, बल्ब नवे, मजुरी वेगळी. परंतु पंधरा दिवसांनी तीच गाडी कॉइल जळून किंवा वायरिंग काळी पडून दारात उभी राहिली, तर मजुरीही जाते आणि नावही जाते. बाजारात नाव कमवायला वीस वर्षे लागतात. म्हणून हे काम केव्हा करावे, केव्हा करू नये आणि करायचेच तर किती करावे, याचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेतला एक ट्रॅक्टर

या कामाचे सर्वात चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील फोर्ड ८-एन हा ट्रॅक्टर. हेन्री फोर्ड आणि आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन यांनी १९३८ साली केवळ हातात हात देऊन भागीदारी ठरवली, लेखी करार केला नाही. त्यातून १९३९ मध्ये ९-एन हा ट्रॅक्टर निघाला. पुढे भागीदारी मोडली. १९४७ पासून फोर्डने स्वतःचा ८-एन काढला, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये फोर्ड कंपनीला ९२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. तोंडी भागीदारीची किंमत काय होते, हे व्यापाऱ्यांनी यातून जरूर घ्यावे.

१९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांहून अधिक ८-एन विकले गेले. लहान, साधा, पेट्रोलवर चालणारा आणि मजबूत असा हा ट्रॅक्टर. त्यामुळे आजही अमेरिकेत अनेक शेतकऱ्यांकडे तो चालू हालतीत आहे. त्याची वीज ६ व्होल्टची आहे आणि बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन मोटारी १२ व्होल्टवर गेल्या. तेव्हापासून या जुन्या ट्रॅक्टरांची वायरिंग १२ व्होल्टवर नेण्याचे काम तिकडच्या गॅरेजांत चालू आहे. त्यासाठी तयार सामानाचे किट बाजारात मिळतात.

आपल्याशी याचा संबंध काय? फर्ग्युसनने अवजार जोडण्याची जी तीन बिंदूंची पद्धत आणली, तीच आज महाराष्ट्रातील ट्रॅक्टरांच्या मागे दिसते. १९६० साली मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टाफे कंपनी सुरू झाली. तिचे ट्रॅक्टर आपल्या शिवारात सर्वांच्या ओळखीचे आहेत. अर्थात आपल्याकडे शेतात चालणारे ट्रॅक्टर १२ व्होल्टचे आहेत. परंतु महायुद्धाच्या काळातील विलीज जीप, जुन्या बुलेट, जुन्या येझदी या गाड्या ६ व्होल्टच्याच आहेत आणि हौशी लोक त्या मोठी रक्कम देऊन दुरुस्त करून घेत आहेत. आखाती देशांत गॅरेजचे काम करणाऱ्या आपल्या भागातील कारागिरांसमोरही अशी जुनी यंत्रे येऊ शकतात. हुनर एकच आहे. एक ट्रॅक्टर नीट समजला की बाकीचे समजायला वेळ लागत नाही.

सहा व्होल्ट कमजोर का पडतात?

वीज दोन गोष्टींच्या गुणाकाराने काम करते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ३६ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपिअर घेतो. १२ व्होल्टवर तेवढाच उजेड देणारा दिवा फक्त ३ अँपिअर घेतो. आता वायर आणि जोड मिळून ०.१ ओहमचा अडथळा आहे असे धरा. ६ व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, म्हणजे शेकडा १०. १२ व्होल्टच्या गाडीत ०.३ व्होल्ट जातात, म्हणजे शेकडा अडीच. वायर तीच, जोड तोच, तोटा मात्र चौथ्या हिश्श्यावर आला.

म्हणूनच ६ व्होल्टच्या गाडीला जाड वायर लागते. आपल्या वाचकांत सूत आणि कापडाचे व्यापारी पुष्कळ आहेत. सुताचा नंबर वाढला की धागा बारीक होतो, हे त्यांना सांगायला नको. वायरच्या गेजचेही तसेच आहे. नंबर मोठा तितकी तार बारीक. ६ व्होल्टच्या ट्रॅक्टरला सेल्फची केबल खूप जाड, शून्य किंवा दोन शून्य गेजची लागते. जुनी केबल कुजल्यावर एखाद्याने दुकानातून १२ व्होल्टच्या मोटारीची तयार केबल आणून बसवलेली असते. ती दिसायला नवी, पण अंगाने बारीक. त्या दिवसापासून ट्रॅक्टर उचलायला कुरकुर करतो आणि दोष मात्र सहा व्होल्टच्या माथी बसतो.

हेही लक्षात घ्या, की हा ट्रॅक्टर कारखान्यातून ६ व्होल्टवरच बाहेर पडला आणि मिशिगनच्या बर्फातही सुरू होत होता. मग आज का होत नाही? व्होल्ट तर तेवढेच आहेत. बदलले आहेत ते जोड, केबल, कार्बन आणि अर्थ.

झाकलेला मर्ज

आता मुख्य मुद्दा. सेल्फच्या वाटेवर गंजलेला अर्थ आहे आणि त्याचा अडथळा फक्त ०.०१ ओहम आहे असे समजा. इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअर घेते असे धरले, तर त्या एका जोडावर २ व्होल्ट जातात. ६ पैकी ४ उरले. सेल्फ रडणारच.

गाडी १२ व्होल्टची केली आणि तो जोड तसाच ठेवला तर? तेच सेल्फ तेच इंजिन फिरवण्यासाठी साधारण तेवढेच अँपिअर घेते. जोडावर पुन्हा २ व्होल्ट जातात, परंतु आता १२ पैकी १० उरतात. सेल्फ जोरात फिरते, गिऱ्हाईक खूष होते. पण त्या गंजलेल्या जोडावर आधीही ४०० वॅटची उष्णता होत होती आणि आताही होते. एका छोट्या इस्त्रीइतकी उष्णता बोटभर जागेत! म्हणजे मर्ज गेला नाही, फक्त झाकला गेला. आज ना उद्या तो जोड जळतोच.

म्हणून पहिला नियम असा की आधी मोजा. मल्टिमीटर आज कोणत्याही कारागिराला परवडतो. कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थच्या खांबावर ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी तार सेल्फच्या बॉडीवर ठेवा. मग सेल्फ मारा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थचा जोड खराब आहे. तसेच बॅटरीचा दुसरा खांब आणि सेल्फचा खिळा यांमध्ये मोजा. जोड उघडा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, रंग खरवडा, जाड केबल घाला, सेल्फचे कार्बन आणि कॉम्युटेटर पाहा. पुष्कळ वेळा ट्रॅक्टर ६ व्होल्टवरच पहिल्या झटक्यात उचलतो. मग गिऱ्हाइकाला तसे सांगा. कमी बिल घेऊन खरे सांगणाऱ्या कारागिराकडे माणूस पुन्हा येतो आणि आणखी चार जणांना घेऊन येतो.

मग १२ व्होल्ट कधी करावे?

सर्व तंदुरुस्त असूनही १२ व्होल्ट करण्याला काही रास्त कारणे आहेत. १२ व्होल्टची बॅटरी, बल्ब आणि चार्जर कोणत्याही गावात मिळतात. फवारणीचा पंप किंवा चांगले कामाचे दिवे लावायचे असतील तर ते १२ व्होल्टचेच असतात. जुना डायनामो इंजिन मंद चालताना फारसा चार्ज करत नाही, अल्टरनेटर करतो. ज्याचा ट्रॅक्टर दिवसातून वीस वेळा बंद-चालू होतो, त्याला याचा मोठा फायदा आहे.

आणखी एक कारण सुरक्षिततेचे आहे. बॅटरी उतरली की लोक मोटारीवरून तारा जोडून ट्रॅक्टर सुरू करतात. या ट्रॅक्टरची बॉडी प्लस, मोटारीची बॉडी मायनस. तारा जोडलेल्या असताना दोन्ही गाड्या एकमेकींना टेकल्या तर सरळ शॉर्टसर्किट! त्यात ६ व्होल्टच्या बॅटरीवर १२ व्होल्टचा मारा होतो, तो वेगळाच.

उलट ज्याला ट्रॅक्टर किंवा जीप प्रदर्शनात ठेवायची आहे, त्याने मूळ वायरिंग मोडू नये. अशा वस्तूची किंमत तिच्या अस्सलपणात असते.

करायचे तर पूर्ण करा

अर्धे काम हेच या धंद्यातले सर्वात मोठे नुकसान. नवी बॅटरी बसवली आणि बाकी "पाहू नंतर" म्हटले की काहीतरी जळणारच. प्रत्येक वस्तूचा वेगळा हिशेब करावा लागतो.

बॅटरी आणि अर्थ : ६ व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल, १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा. नवी बॅटरी मूळ खोक्यात बसते का, हे आधी मापून पाहा. ८-एनमध्ये बॅटरी बॉनेटखाली पेट्रोलच्या टाकीजवळ असते. ती सैल राहिली, खांब पत्र्याला टेकला तर ठिणगी पडेल आणि शेजारी पेट्रोल आहे. अल्टरनेटरसाठी मायनस बॉडीला द्यावा लागतो, म्हणून अर्थ उलटा होतो. बॅटरीचा प्लस खांब मायनसपेक्षा जाड असतो. त्यामुळे जुने क्लॅम्प उलट्या खांबांवर नीट बसत नाहीत. ठोकून किंवा पत्रा घालून बसवू नका, नवे घाला. मात्र प्रत्येक जुनी गाडी प्लस अर्थचीच असते असे समजू नये. विलीज जीपही ६ व्होल्टची आहे, पण तिचा मायनस बॉडीला आहे. पाहून, मोजूनच हात घालावा.

अल्टरनेटर : जुना डायनामो आणि त्याचा कटआउट किंवा रेग्युलेटर दोन्ही काढावे लागतात. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. बॅटरी उलटी जोडली गेली तर डायोड क्षणात उडतात. पट्टा आणि पुली एका रेषेत आणि एकाच रुंदीची हवी, नाहीतर पट्टा महिनाभरात फाटतो. अमेरिकेत या कामाला डेल्कोचा १० एसआय हा अल्टरनेटर फार वापरतात. त्याची चालू करणारी बारीक तार चावीवरून घेतली, तर एक गंमत होते. चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहते, कारण अल्टरनेटरमधून उलटी वीज कॉइलला मिळत राहते. त्या तारेत एक डायोड किंवा चार्जिंगचा छोटा दिवा घातला की हा दोष जातो. किटमधील कागदावर ही खूण असते, परंतु घाईत तिकडे लक्ष जात नाही.

कॉइल : सर्वात जास्त चुका इथे होतात. ६ व्होल्टच्या साध्या कॉइलचा अडथळा साधारण दीड ओहम असतो. ६ भागिले दीड, म्हणजे ४ अँपिअर. तीच कॉइल १२ व्होल्टवर लावली की ८ अँपिअर जातात. पॉइंट जळतात आणि कॉइल तापून फुटते. यावर इलाज दोन. एकतर १२ व्होल्टची, ३ ओहमची कॉइल लावा किंवा जुन्या कॉइलच्या आधी दीड ओहमचा रेझिस्टर घाला. दोन्हीत हिशेब पुन्हा ४ अँपिअरवर येतो. ८-एनमध्ये १९५० च्या मध्यापर्यंत डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या पुढच्या बाजूला असे आणि चौकोनी कॉइल त्याच्याच डोक्यावर. ती जागा गरम आहे, म्हणून तिथे कॉइल लवकर मरते. त्या वायरिंगमध्ये कारखान्यातूनच एक रेझिस्टर आहे. तो "जुना आहे" म्हणून फेकून देऊ नका. पुढच्या ट्रॅक्टरांत डिस्ट्रिब्युटर बाजूला आला आणि कॉइल गोल झाली. गोल कॉइलवर प्लस-मायनसच्या खुणा असतात. अर्थ मायनसचा झाला की कॉइलचा मायनस डिस्ट्रिब्युटरकडे गेला पाहिजे. उलटे राहिले तरी इंजिन चालते, पण ठिणगी कमजोर पडते. कंडेन्सर तोच चालतो.

सेल्फ : जुनेच ठेवता येते. अर्थ उलटला तरी ते उलटे फिरत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतली वीज एकदमच उलटते. मात्र १२ व्होल्टवर ते झटक्याने सुटते आणि बेंडिक्स फ्लायव्हीलच्या रिंगवर जोरात आदळते. गिऱ्हाइकाला सांगा, बटण दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये आणि एक आवाज होताच सोडावे. बेंडिक्स आणि रिंगचे दात आधीच झिजलेले असतील तर ते बिल लिहितानाच दाखवा.

दिवे आणि मीटर : सर्व बल्ब बदलावे लागतात. ६ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टवर क्षणभर चमकतो आणि जातो. ८-एनचा अँपिअरचा मीटर मात्र तसाच ठेवता येतो. त्याच्या मागे एका कडीतून वायर जाते. अर्थ उलटला की ती वायर उलट्या बाजूने ओवायची, म्हणजे काटा योग्य बाजूला हलतो.

वायर आणि फ्यूज : १२ व्होल्टला बारीक वायर चालते हे खरे, पण अल्टरनेटर जुन्या डायनामोपेक्षा कितीतरी जास्त अँपिअर देतो. अल्टरनेटर ते बॅटरी ही वायर नवी आणि जाडच हवी. जुन्या सुती वेष्टणाची वायर हातात घेऊन वाकवा. वेष्टण भुगा होऊन पडले तर संपूर्ण वायरिंग बदला. बॅटरीजवळ फ्यूज घाला. चुरगाळून टेप लावलेला जोड ट्रॅक्टरच्या थरथरीत टिकत नाही. लग दाबून बसवा आणि डाग द्या.

काम झाल्यावर पुन्हा मीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास आले पाहिजे. १५ च्या पुढे गेले तर रेग्युलेटर खराब आणि बॅटरी उकळणार. १२.६ वरच थांबले तर अल्टरनेटर चार्जच करत नाही. हे दोन आकडे बिलावर लिहून द्यावेत. महिन्याने तक्रार आली तर तोच कागद तुमचा साक्षीदार.

जुन्या मोटारसायकलींबद्दल

बुलेट किंवा येझदीसारख्या जुन्या गाडीत काम थोडे वेगळे आहे. तिथे पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर लावायला जागा नसते. जी वीज तयार होते ती इंजिनच्या आत. म्हणून नुसती १२ व्होल्टची बॅटरी आणि बल्ब बसवून काही होत नाही. आतली वीज बनवणारी गुंडाळी आणि रेग्युलेटर यांची जोडी १२ व्होल्टची असावी लागते. "फक्त बॅटरी बदलली" असे कोणी सांगत असेल तर त्या गाडीची बॅटरी थोड्याच दिवसांत पुन्हा उतरलेली दिसेल.

दर आणि जबाबदारी

अशा कामाला दर सांगताना दोन आकडे लिहून द्यावेत. पहिला, ६ व्होल्टची वायरिंग साफ करून, केबल बदलून गाडी उचलती करण्याचा. दुसरा, सर्व सामानासह १२ व्होल्ट करण्याचा. त्यात कॉइल, बल्ब, क्लॅम्प, फ्यूज, पट्टा सर्व धरलेले असावे. निवड गिऱ्हाइकाने करावी. मधला तिसरा आकडा, म्हणजे "थोडक्यात भागवून द्या", तो मात्र घेऊ नये. तोच पुढे महाग पडतो, त्यालाही आणि तुम्हालाही. काढलेला डायनामो, कटआउट आणि जुनी कॉइल पिशवीत घालून मालकाला परत द्या. उद्या त्याला गाडी मूळ स्थितीत आणायची झाली तर त्या वस्तूंना किंमत आहे.

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते सहसा कोणी करत नाही. बॅटरीच्या खोक्याजवळ रंगाने ठळक अक्षरात लिहा : १२ व्होल्ट, मायनस अर्थ. तुमच्यानंतर पाच वर्षांनी दुसरा एखादा कारागीर ते बॉनेट उघडेल. पुस्तकात तो ट्रॅक्टर ६ व्होल्टचा आणि प्लस अर्थचा आहे. त्याने पुस्तक पाहून बॅटरी जोडली, तर जळणारा अल्टरनेटर मालकाचा असेल आणि भाजणारा हात त्या कारागिराचा.